ओओ गेजच्या कोळशाच्या वाघिणी: साचा एक, रंग चाळीस

आधी निकाल सांगून टाकू. मॉडेल रेल्वेच्या ब्रिटिश ओओ मापाच्या ज्या मालवाघिणी आज बाजारात मिळतात, त्या सुट्या हातात घेऊन पाहिल्या तर वीस वर्षांपूर्वीच्या मालापेक्षा कितीतरी सरस आहेत. त्याच पंधरा-वीस जोडून इंजिनामागे लावल्या की मात्र गाडी खोटी वाटते. अशा वेळी दोष कंपनीच्या साच्यात कमी आणि आपल्या खरेदीत जास्त असतो. एकाच साच्यावर चाळीस वेगवेगळी नावं छापून विकली जातात, आपणही नावं गोळा करत जातो, आणि सायडिंगमध्ये एकाच उंचीच्या, एकाच लांबीच्या, एकसारखे ब्रेक असलेल्या रंगीत पेट्यांची रांग उभी राहते.

या परीक्षणात भर आहे तो दोन प्रकारांवर: राष्ट्रीयीकरणाआधीच्या खाजगी मालकांच्या लाकडी वाघिणी, म्हणजे ज्यांना सगळे ‘पीओ वॅगन’ म्हणतात त्या, आणि ब्रिटिश रेल्वेची पोलादी १६ टनी. व्हॅन, उघड्या वाघिणी आणि गार्डाचा डबा ओघात येतील.

कॅलिपर घेऊन बसा

ओओ म्हणजे एका फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६.२. एक इंच म्हणजे एक तृतीयांश मिमी. एवढं डोक्यात असलं की कुठलीही वाघीण दोन मिनिटांत तपासता येते. रेल्वे क्लिअरिंग हाउसने, म्हणजे आरसीएचने, १९२३ मध्ये ठरवून दिलेली १२ टनी लाकडी कोळसा वाघीण बफरच्या आडपट्टीपासून आडपट्टीपर्यंत १६ फूट ६ इंच होती आणि दोन आसांमधलं अंतर ९ फूट. मॉडेलमध्ये ते ६६ मिमी आणि ३६ मिमी यायला हवं. आता जुन्या साच्यांची एखादी सात फळ्यांची वाघीण मोजा. बऱ्याचदा ७० आणि ४० मिमी भरते, कारण खाली १७ फूट ६ इंची, १० फूट आसअंतराची व्हॅनची चेसिस सरकवलेली असते. एका चेसिसवर दहा प्रकारचे डबे बसवले की कारखान्याचा खर्च वाचतो, हे उघड आहे. चार मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण खऱ्या मापाची वाघीण शेजारी उभी केली की ताणलेली लगेच ओळखू येते. फळ्यांची उंची तीच राहते, लांबी वाढते, आणि डबा बसका दिसतो.

४० मिमी आसअंतर नेहमीच चूक असतं असंही नाही. व्हॅक्यूम ब्रेकच्या व्हॅन आणि उघड्या वाघिणी अनेकदा १० फुटी असत. इथे एक सोपी खूण आहे. १९३८ पासून प्रवासी गाडीला जोडता येणाऱ्या वाघिणींवर ‘एक्सपी’ ही अक्षरं लिहिली जाऊ लागली, आणि त्यासाठी किमान १० फूट आसअंतर लागे. तेव्हा ९ फुटी चेसिसवर ‘एक्सपी’ दिसलं तर छपाई करणाऱ्याने डबा न पाहताच ठसा मारला आहे असं समजा.

बफरच्या मध्याची उंचीही मोजा. रुळाच्या माथ्यापासून ३ फूट साडेपाच इंच, म्हणजे १४ मिमीला थोडं कमी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाघिणी एकत्र लावल्यावर एक वर, एक खाली दिसते ती याच मापात. चाकं १२.६ मिमीची असतील (खरं माप ३ फूट १ इंच, म्हणजे १२.३ मिमी) तर चालतं. पण कोणी १४ मिमीची प्रवासी डब्याची चाकं घातली असतील तर सगळंच वर उचललं जातं.

ब्रेक: जिथे बहुतेक साचे पकडले जातात

ओओचा मूळ दोष सगळ्यांना ठाऊक आहे. डबा ४ मिमी मापाचा, पण रूळ १६.५ मिमीचे, ब्रिटनच्या खऱ्या रुळांना या मापात १८.८३ मिमी लागतात. म्हणजे प्रत्येक बाजूला चाक सव्वा मिमीच्या आसपास आत सरकतं. ब्रेकचे शू मात्र साच्यात बाहेरच्या चौकटीला चिकटलेले असतात. परिणामी बाजूने पाहिलं तर शू बरोबर चाकासमोर दिसतो, आणि समोरून किंवा वळणावर पाहिलं तर चाकाबाहेर हवेत लटकलेला. नव्या साच्यांनी शू चाकाच्या रेषेत आणलेत, आणि चांगली मॉडेल व जुनाट मॉडेल यांतला डोळ्यांना दिसणारा सगळ्यात मोठा फरक हाच आहे. जुन्या वाघिणीत हे दुरुस्त करता येतं: शू कापून काढा, मागे १ मिमी जाडीची प्लॅस्टिकची चीप लावून आत चिकटवा, आणि चाक फिरवून घासत नाही ना ते पाहा. एका वाघिणीला अर्धा तास पुरतो.

लिव्हरकडे बारकाईने पाहा. ब्रेकच्या दोन मुख्य पद्धती होत्या. पहिलीत दोन्ही बाजू स्वतंत्र: प्रत्येक बाजूला दोन शू, स्वतःचा लिव्हर, मध्ये आडवा शाफ्ट नाही. तळाला दार असलेल्या कोळशाच्या वाघिणींना हीच सोयीची, कारण आडवा शाफ्ट दाराच्या आड येतो. दुसरी मॉर्टन पद्धत. तिच्यात दोन्ही बाजू आडव्या शाफ्टने जोडलेल्या, आणि दोन्ही लिव्हर आपापल्या बाजूच्या उजव्या टोकाला. डावीकडच्या माणसाने लिव्हर दाबला की शाफ्ट एका दिशेने फिरतो, उजवीकडच्याने दाबला की उलट दिशेने. शू मात्र दोन्ही वेळा चाकावरच आवळायला हवा. म्हणून एका बाजूला, फक्त एकाच, फिरण्याची दिशा उलटवणारा क्लच असतो. साचा बनवणारा खर्च वाचवायला दोन्ही बाजूंना एकच सुटा भाग देतो. मग एकतर दोन्हीकडे क्लच दिसतो नाहीतर कुठेच नाही. दोन्हीकडे क्लच असलेली वाघीण प्रत्यक्षात उभी असती तर एका बाजूच्या लिव्हरने तिचा ब्रेक लागलाच नसता. किटमध्ये, म्हणजे स्वतः जोडायच्या संचात, हे भाग बहुधा सुटे येतात, तेव्हा सूचनापत्रातलं चित्र पाहूनच चिकटवा.

आणखी जुन्या काळची वाघीण हवी असेल तर लिव्हर एकाच बाजूला असला तरी बिघडत नाही. १९११ नंतर बांधलेल्या वाघिणींना दोन्ही बाजूंनी ब्रेक लावता येणं सक्तीचं झालं, पण आधीच्या पुढे अनेक वर्षं चालत राहिल्या. रेडीमेड मालात अशी एकतर्फी वाघीण अगदी क्वचित मिळते, म्हणून सांगितलं.

पांढरी तिरकी रेघ

कोळशाच्या वाघिणीवर तिरकी पांढरी रेघ असते ती नुसती नक्षी नव्हे. टोकाचं दार कुठे आहे ते ती सांगते. रेघ ज्या टोकाकडे चढत जाते तिकडे दार. बंदरावर वाघीण उचलून कोळसा जहाजात ओतताना कुठलं टोक पुढे हवं, हे दुरून कळावं म्हणून. आता एका बाजूला रेघ उजवीकडे चढत असेल तर दुसऱ्या बाजूला ती डावीकडेच चढायला हवी, कारण दार एकाच टोकाला आहे. स्वस्त छपाईत एकच चित्र दोन्ही बाजूंना मारतात आणि एका बाजूची रेघ बंद भिंतीकडे बोट दाखवते. दुकानात वाघीण हातात घेतली की आधी हे पाहा. ऑनलाइन घेत असाल तर दोन्ही बाजूंचे फोटो मागा. काही वेळा तर रेघ छापलेली असते आणि साच्यात टोकाला दारच नसतं.

नावं खरी, डबे खोटे

पीओ वॅगनचा खरा घोळ इथे आहे. या नावांसाठी मॉडेल कंपन्या ज्या फोटोंचा आधार घेतात ते बहुतांशी वाघिणी बांधणाऱ्या कारखान्यांचे, त्यांतही ग्लॉस्टर कंपनीचे. नवी कोरी वाघीण अंगणात उभी करून काढलेला फोटो. फोटोतलं नाव, अक्षरांची वळणं, रिकामी वाघीण कुठल्या खाणीला परत पाठवायची ती ओळ, सगळं खरं. पण तो फोटो १८९० च्या दशकातल्या पाच फळ्यांच्या, ग्रीसच्या आसपेट्यांच्या वाघिणीचा असतो, आणि तेच नाव छापलं जातं १९२३ च्या सात फळ्यांच्या साच्यावर. फळ्या वाढल्या की अक्षरं ताणावी लागतात, म्हणून मूळची सुबक मांडणीही बिघडते.

रंगाचंही तसंच. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर लाल रंग जवळजवळ काळा यायचा आणि निळा फिका. कृष्णधवल फोटोत काळपट दिसणारी वाघीण प्रत्यक्षात लाल असू शकते आणि फिकट राखाडी वाटणारी निळी. फोटोवरून अंदाजाने रंग ठरवणाऱ्या मॉडेलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कारखान्याच्या नोंदवहीत रंग लिहिलेला असेल तरच पक्का. ब्रिटनच्या हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटीकडे १९५० पासून जमवलेले आराखडे आणि फोटो आहेत. एखाद्या नावाबद्दल शंका असेल तर तिथली यादी आधी चाळणं चांगलं.

नाव खरं आणि डबाही बरोबर असला तरी ती वाघीण तुमच्या स्टेशनावर आली असती का? ईशान्य इंग्लंडमध्ये नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने खाजगी वाघिणींना फारसं पाय ठेवू दिलं नाही. स्वतःच्या २० टनी हॉपरमधून उंच कोळसा-फलाटावर आणून तळाच्या दारातून खाली पाडायची तिची पद्धत होती. तेव्हा तिथल्या लेआउटवर, म्हणजे मॉडेलच्या मांडणीवर, रंगीबेरंगी पीओ वॅगनची रांग बसत नाही. दक्षिण वेल्समध्ये बंदरांसाठी टोकाचं दार हवंच. इंग्लंडच्या दक्षिणेतल्या लहान गावाच्या वखारीत बाजूचं दार पुरे. फावड्याने उपसूनच कोळसा काढायचा होता. खाणीच्या वाघिणी एकाच नावाच्या पाच-दहा एकत्र येत, आणि गावच्या व्यापाऱ्याची स्वतःची मात्र एखाद-दुसरी. दुकानात प्रत्येक नावाची एकेकच वाघीण मिळते, त्यामुळे लेआउटवर नेमका उलटा प्रकार दिसतो: पंधरा गावच्या पंधरा व्यापाऱ्यांच्या वाघिणी एकाच वखारीत.

चॅल्ड्रन या जुन्या धाटणीच्या कोळसा वाघिणीबद्दल एक. अ‍ॅक्युरास्केलने काढलेली ही काळी, बसकी, निमुळती वाघीण फार देखणी आहे. खऱ्या चॅल्ड्रन सीहॅम बंदरावर १९७० च्या दशकापर्यंत वापरात होत्या, त्यामुळे डिझेल इंजिनाच्या काळातही ती दाखवता येते. पण बंदराच्या किंवा खाणीच्या आतल्या रुळांवरच. मुख्य मार्गावरच्या गाडीला ती जोडू नका.

काय घ्यावं

रेडीमेड पीओ वॅगनमध्ये रॅपिडो यूकेचा १९०७ च्या आरसीएच पद्धतीचा प्रकार सध्या आमच्या मते सगळ्यात उजवा. पाच फळ्या आणि सात फळ्या असे वेगळे डबे, दारांचे वेगवेगळे प्रकार. म्हणजे साचा एकच ठेवून नुसतं नाव बदलण्याचा आळस इथे कमी आहे. १९३० च्या दशकातला लेआउट असेल तर १९०७ आणि १९२३ दोन्ही पद्धतींच्या वाघिणी मिसळा. १९२३ आलं म्हणून आधीच्या वाघिणी कुणी मोडीत काढल्या नव्हत्या.

किटमध्ये पार्कसाइड, जे आता पेकोकडे आहे, ते विविधतेसाठी पहिलं नाव. एलएनईआर या रेल्वे कंपनीचे हॉपर, वेगवेगळ्या कंपन्यांच्या व्हॅन आणि उघड्या वाघिणी, जे रेडीमेडमध्ये कुणी काढत नाही ते इथे सापडतं. किटच्या खोक्यात चाकं आणि पितळी बेअरिंग आहेत का ते वर वाचून घ्या. स्लेटर्सचे ग्लॉस्टर आणि चार्ल्स रॉबर्ट्स वाघिणींचे किट मिळाले तर सोडू नका. फळ्यांचा बारीकपणा अजून टिकून आहे. एअरफिक्सचे जुने वाघिणींचे साचे डॅपोलकडे आहेत, त्यांतली गुरांची वाघीण आणि १६ टनी शिकायला उत्तम आहेत, फक्त प्लॅस्टिकची चाकं फेकून २६ मिमी आसाची धातूची चाकं आणि पितळी बेअरिंग घाला. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.४ ते १४.५ मिमी ठेवा; नाहीतर रूळ बदलायच्या काट्यावर चाक चढतं. किट स्वस्त म्हणून घेत असाल तर हिशोब नीट करा: चाकं, बेअरिंग, कपलिंग, ट्रान्सफर (चिकटवायची छापील अक्षरं) आणि रंग धरले, वर भारतात मागवायचा टपाल आणि सीमाशुल्काचा खर्च धरला, की रेडीमेडशी फरक फारसा उरत नाही. किट घ्यायचं ते बाजारात नसलेली वाघीण हवी म्हणून.

१६ टनीसाठी बॅकमन. डबा नेमका ६६ मिमी, ३६ मिमी आसअंतर, बाजूच्या दारावरची झडप असलेला आणि नसलेला असे वेगळे प्रकार. या वाघिणीतली विविधता बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण दुरून सगळ्या राखाडी पेट्याच. पण १९५० च्या दशकात मुख्य आराखड्याच्या, म्हणजे आराखडा क्रमांक १/१०८ च्या, दोन लाखांहून जास्त बांधल्या गेल्या, आणि एकूण १६ टनींत रिव्हेट मारलेल्या आणि वेल्ड केलेल्या असा फरक होता. शिवाय युद्धकाळातल्या उतरत्या बाजूंच्या वाघिणी होत्या. फ्रान्सच्या रेल्वेसाठी ब्रिटनमध्ये बांधलेल्या आणि १९५० च्या दशकात परत आलेल्या काही हजार वाघिणी होत्या. त्यांना बाजूला कपाटासारखी दोन झडपांची दारं. १९७० च्या दशकात जुन्या चेसिसवर नवे डबे चढवले तेव्हा वरच्या झडपा गेल्या. तेव्हा वीस वाघिणींची गाडी करायची असेल तर बारा-तेरा वेल्ड केलेल्या, चार-पाच रिव्हेटच्या, दोन उतरत्या बाजूंच्या आणि एखादी फ्रेंच, असं प्रमाण धरा. उतरत्या बाजूंची आणि फ्रेंच मिळत नसतील तर किटकडे वळा.

साच्यातली एक उणीव सगळ्यांनाच लागू आहे. पाव इंची पत्र्याची जाडी या मापात ०.०८ मिमी होते, आणि साच्यातली भिंत एक मिमीच्या आसपास असते. रिकाम्या वाघिणीचा वरचा काठ म्हणून जाडजूड दिसतो. आतल्या बाजूने बारीक कानशीने काठ निमुळता करून घेतला आणि आत गंजाचा तपकिरी रंग दिला की पुष्कळ फरक पडतो. बाहेरून मोजकाच गंज आणि आत भरपूर, असं ठेवा. कोळसा ओतून-उपसून आतला रंग आधी खरवडला जायचा.

अ‍ॅक्युरास्केलची २४.५ टनी हॉपर आणि २१ टनी खनिज वाघीण हे दोन्ही मजबूत. तीन-तीनच्या पेटीत वेगवेगळे क्रमांक येतात ही सगळ्यात उपयोगी गोष्ट. बाकी कंपन्यांनीही ती उचलावी.

किट बांधताना

वाघीण डुगडुगली की बहुतेक वेळा दोष चौकटीत असतो. एक बाजू चिकटवा, दुसरी नुसती टेकवा, आस घाला, काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवा आणि चारही चाकं टेकतात का ते पाहून मगच सॉल्व्हंट, म्हणजे प्लॅस्टिक विरघळवून चिकटवणारा द्रव, लावा. एक कोपरा वर असेल तर लगेच सैल करून दाबता येतो. दुसऱ्या दिवशी येत नाही. पितळी बेअरिंगसाठी भोक २ मिमी ड्रिलने हाताने फिरवत करा. मशीन लावली तर आसपेटीतून पलीकडे निघतं. आसाला बाजूला अगदी थोडी हालचाल असावी. घट्ट असेल तर वाघीण घसरत जाते, सैल असेल तर डुलते.

वजन एका आसाला २५ ग्रॅम, म्हणजे चारचाकी वाघिणीला सुमारे ५० ग्रॅम. यासाठी शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात, म्हणजे पीव्हीएमध्ये, भरण्याची सवय काहींना असते. हे करू नका. पीव्हीएतल्या ॲसिटिक ॲसिडची शिशाशी प्रक्रिया होते, पांढरा थर साचत जातो आणि फुगून काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, डब्याच्या भिंती फाकवतो. बाहेरून काहीच दिसत नसतं तोवर. लोखंडी पट्टी वापरा किंवा शिसं इपॉक्सीने बसवा.

उघड्या वाघिणीच्या लांब बाजू सॉल्व्हंट सुकत जाताना हळूहळू आत वाकतात. कोळसा भरलेला दाखवायचा असेल तर आत प्लॅस्टिकची पट्टी नेमक्या रुंदीने कापून आडवी बसवा, वर जाड प्लॅस्टिकचा खोटा तळ, त्यावर बारीक केलेला खरा कोळसा. रिकामी ठेवायची असेल तर बाजू आणि तळ यांचा सांधा थोड्या सॉल्व्हंटने, दोन-तीन वेळा मध्ये वेळ देऊन चिकटवा. कोळशाचा ढीग काठाच्या वर किती, हेही पाहा: खाणीतून निघालेली वाघीण मध्यभागी थोडी उंच, वखारीत दोन दिवस उभी असलेली एका बाजूने खाली उपसलेली.

तीन कड्यांचं कपलिंग लावायचं असेल तर वळण किमान ३ फूट त्रिज्येचं ठेवा. त्याहून तीव्र वळणावर बफर एकमेकांत अडकतात.

कुठल्या कंपनीच्या किती

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. १९१७ पासून रेल्वे कंपन्यांनी आपल्या उघड्या वाघिणी एकत्र वापरायला सुरुवात केली, नंतर व्हॅनही. १९२३ नंतरच्या चार मोठ्या कंपन्या म्हणजे जीडब्ल्यूआर (ग्रेट वेस्टर्न), एलएमएस, एलएनईआर आणि सदर्न. म्हणजे जीडब्ल्यूआरच्या एखाद्या आडगावच्या स्टेशनावर एलएमएस आणि एलएनईआरच्या वाघिणीच जास्त दिसणार. कारण साधं आहे. १९२३ नंतर एलएमएसकडे सुमारे तीन लाख वाघिणी होत्या, एलएनईआरकडे त्याहून थोड्याच कमी, जीडब्ल्यूआरकडे नव्वद हजारांच्या आसपास आणि सदर्नकडे पस्तीस-छत्तीस हजार. दहा वाघिणींत चार एलएमएस, चार एलएनईआर, एक-दीड जीडब्ल्यूआर आणि कधीमधी एक सदर्न, असं ढोबळ गणित. जवळपासच्या स्थानिक मालासाठी घरच्या कंपनीच्या एक-दोन जास्त धरा. पण अनेक लेआउटवर जीडब्ल्यूआरच्या मागे निव्वळ जीडब्ल्यूआर दिसते ती फक्त घराण्याची निष्ठा. दुकानंही तशीच भरलेली असतात, कारण जीडब्ल्यूआरचं नाव खपतं.

गार्डाचा डबा मात्र घरचाच हवा. तो एकत्र वापरात नव्हता. जीडब्ल्यूआरच्या ‘टोड’ला एकाच टोकाला मोकळा व्हरांडा, आणि बाजूवर घरच्या ठाण्याचं नाव लिहिलेलं असे. ते नाव तुमच्या लेआउटच्या भागातलं आहे का ते पाहा. नसेल तर पुसून ट्रान्सफरने बदलता येतं.

व्हॅनमध्ये छताचा आकार पाहा. सदर्नच्या व्हॅनचं छत खांद्याशी वळलेलं, दुरूनही वेगळं ओळखू येतं. बाकी कंपन्यांचं साधं कमानी. युद्धकाळात सदर्नच्या आराखड्याच्या व्हॅन इतर कंपन्यांसाठीही बांधल्या गेल्या, तेव्हा असं छत आणि एलएमएसचं नाव ही चूक समजू नका.

अक्षरांचा आकार म्हणजे काळ ओळखण्याची सोपी खूण. १९३६-३७ च्या सुमारास चारही मोठ्या कंपन्यांनी बाजूभर मोठी अक्षरं लिहायचं सोडून कोपऱ्यात बारीक अक्षरं लिहायला सुरुवात केली. जीडब्ल्यूआरची १६ इंची अक्षरं तेव्हाच ५ इंचांवर आली. एलएमएसने राखाडीऐवजी बॉक्साइट तपकिरी रंगही घेतला. १९३५ चा लेआउट असेल तर सगळी मोठी अक्षरं, १९३८ चा असेल तर मोठी आणि बारीक मिसळून, आणि मोठी अक्षरं असलेल्या वाघिणी मळकट. नुकतीच रंगवलेली वाघीण मोठ्या अक्षरांत दाखवणं १९३८ नंतर चूक.

गुरांच्या वाघिणीवर चुन्याचे पांढरे शिंतोडे १९५० च्या लेआउटवर सर्रास दिसतात. ती पद्धत १९२० च्या दशकातच बंद झाली होती, पुढे जंतुनाशक वापरत.

आणि १९४८ नंतर पीओ वॅगन चकाकत्या रंगात दाखवू नका. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच खाजगी वाघिणी सरकारच्या ताब्यात गेल्या, १९४८ मध्ये पाच लाखांहून जास्त ब्रिटिश रेल्वेच्या झाल्या आणि त्यांच्या क्रमांकाआधी ‘पी’ लागला. मधल्या नऊ वर्षांत कोणी नवा रंग दिला नाही. तुटलेली फळी बदलली तर नवी फळी बिनरंगाची तशीच. रेडीमेड वाघिणीवर हे दाखवणं सोपं आहे: नाव हलक्या हाताने घासून फिकं करा, दोन-तीन फळ्या राखाडी-पिवळट रंगवा, खालच्या कोपऱ्यात काळा चौकोन देऊन त्यावर नवा ‘पी’ क्रमांक.

एकच वाघीण दोनदा घेतली असेल तर निदान क्रमांक बदला. शेवटचे दोन आकडे पुरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल दातकोरणीवर घेऊन आकड्यावर हलकेच फिरवा, आधी तळाशी एक ठिपका करून पाहा, खालचा रंग निघत असेल तर थांबा. ट्रान्सफर लावून कोरडं झाल्यावर मॅट वार्निशचा एक पातळ हात.

आपल्याकडे काही जण हीच ब्रिटिश वाघीण घेऊन त्यावर ‘जीआयपी’ लिहून मुंबई-ठाणे मार्गावरची म्हणून ठेवतात. ते जमत नाही. इथले रूळ ५ फूट ६ इंचांचे, ४ मिमी मापात ते २२ मिमी होतात; ओओच्या १६.५ मिमी रुळांवर साडेपाच मिमी कमी पडतात, आणि ब्रिटिश लोडिंग गेजचा अरुंद डबा वर ठेवला तरी इथला दिसत नाही. जीआयपीची वाघीण हवी असेल तर २२ मिमीचे रूळ स्वतः टाकायचे आणि आराखड्यावरून डबा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापायचा, दुसरा रस्ता नाही.